माझ्यासमोर बसलेला सतपाल

या कॉलममधले अनुभव मी गेली काही वर्षं वाचतेय आणि खरं सांगते, चिडून वाचतेय. छातीवर कुणीतरी बसलं होतं म्हणे... अहो, त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. गेलेल्या काकांचा आवाज ऐकू आला... दुःखात येतो ऐकू, मग आपोआप बंद होतो. प्रत्येक अनुभवाखाली मी मनातल्या मनात निदान लिहायचे आणि पान उलटायचे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पुनर्जन्मावर नाही, घरात देव आहेत ते सासूबाईंनी दिलेत म्हणून आहेत. त्यामुळे खाली जे लिहिणार आहे त्याला तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही. तुमच्या जागी मी असते तर हसलेच असते. फक्त मला निदान सांगायला येऊ नका. ती सगळी मी स्वतःला लावून पाहिली आहेत.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. माहेर मिरज, सासर पुणे, आणि नवरा एअर फोर्समध्ये असल्यामुळे दर टेनुअरला नवं गाव आणि नवी नोकरी. सध्या चंदीगड. इथल्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. कुठल्या, ते सांगणार नाही, आणि नावं सगळी बदलली आहेत. मला राग पटकन येतो हेही आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते तुम्हाला कळेलच. माझी लेक मराठीत ओरडा खाते आणि हिंदीत उत्तर देते, “मम्मा, आप पेशंट्स से भी ऐसे ही बात करते हो क्या?” तर हो. काहींशी करते.

काम काय ते थोडक्यात. खुनासारख्या गुन्ह्यातला आरोपी विचित्र वागायला लागला, किंवा वकिलाने तसा अर्ज केला, की कोर्ट त्याला आमच्याकडे पाठवतं. आम्ही दोन गोष्टी सांगायच्या. एक म्हणजे आज हा माणूस खटला समजण्याइतका ठिकाणावर आहे का... जज कोण, वकील कशाला, आरोप काय, हे त्याला कळतं का. आणि दुसरी म्हणजे गुन्हा घडला तेव्हा आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर खटला तिथेच थांबतो. दुसऱ्याचं ‘नाही’ आलं तर तो तुरुंगाऐवजी हॉस्पिटलात जातो. मारलेल्याचे नातेवाईक मग आमच्या नावाने बोटं मोडतात, आणि उलटं लिहिलं तर आरोपीचे मोडतात. आमच्यावर खूश असलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

यात एक नियम कडक असतो. सायकिअ‍ॅट्रिस्टने आपली मुलाखत वेगळी घ्यायची, सायकॉलॉजिस्टने आपल्या टेस्ट वेगळ्या घ्यायच्या, आणि सगळ्यांची मतं एकत्र करणाऱ्या मेडिकल बोर्डाची मीटिंग होईपर्यंत त्या केसबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. एकाच्या मताची छाप दुसऱ्यावर पडू नये म्हणून. नियम चांगला आहे. फक्त आमच्या विभागाचे सायकिअ‍ॅट्रिस्ट सोधी सर आणि मी, आम्ही तो जरा जास्तच पाळत होतो, कारण आम्ही एकमेकांशी बोलतच नव्हतो. मागे एकदा सगळ्या रेसिडेंट डॉक्टरांसमोर त्यांनी माझा रिपोर्ट टेबलावर आपटून विचारलं होतं, “ये रिपोर्ट है या निबंध?” मी म्हटलं, “सर, मैंने कम से कम पेशंट को देखा तो है.” त्या दिवसापासून बंद. पेशंटच्या वेळासुद्धा आम्ही एकमेकांना विचारायचो नाही. त्यांनी त्यांच्या माणसाला सांगायचं, मी माझ्या.

सतपाल आला तो असा आमच्या भांडणाच्या मधोमध.

हा डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात कॅप्सूल भरायच्या मशीनवर ऑपरेटर. मूळचा अंबाल्याकडचा. भाड्याच्या खोलीत बायको आणि मेहुणी कमलेश यांच्यासोबत राहायचा. एका दुपारी बायकोचा डोक्यात कुकर मारून खून झाला. कमलेश भाजी घेऊन परत येत होती, तेव्हा तो दारातून बाहेर आला, तिला ढकललं आणि निघून गेला. समोरासमोर, भर उन्हात. आत जाऊन बघते तर बहीण रक्तात पडलेली.

इथपर्यंत केस सरळ आहे. पण कारखान्यातले लोक म्हणाले, सतपाल त्या पूर्ण शिफ्टमध्ये मशीनवर होता. सुपरवायझर त्याच्याशी बोलला होता, सोबतच्यांनी त्याच्याबरोबर चहा प्यायला होता. पोलिसांचं म्हणणं, गाऊन-टोपी-मास्क घातल्यावर कोण कुठला काय कळतंय. वकिलाचं म्हणणं, मेहुणी खोटं बोलतेय. आणि मॅजिस्ट्रेटने सतपालला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, “दोनों ठीक कह रहे हैं जी. मैं दोनों जगह था.”

झालं. वकिलाने अर्ज केला की माझा अशील वेडा आहे, आणि तो आमच्या वॉर्डमध्ये पलंगाला बेडीने अडकवलेला येऊन पडला. सोबत दोन पोलीस. वयस्कर हवालदार गुरमेल आणि तरुण शिपाई रिंकू.

कमलेश रोज यायची. वॉर्डच्या दारासमोरच्या बाकावर बसायची आणि आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाकडे असं बघायची की जणू आम्हीच तो कुकर उचलला होता. पहिल्याच दिवशी तिने माझा रस्ता अडवला.

“मैडम जी, इसनै पागल मत लिख दियो.”

मी म्हटलं, जे असेल ते लिहीन, बाजूला हो.

“वो पागल हो गया तो मैं के हुई? झूठी!” ती ओरडलीच. “सब नूं कहवैं सैं, वो तो मशीन पै था, तन्नै कौण देख्या? अरे, मन्नै धक्का दिया उसनै! मेरी बहन मरी सै!”

मी सिक्युरिटीला बोलावलं. तिची दया आली नाही असं नाही, पण रस्ता अडवलेला मला खपत नाही. ती बाकावर जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिला नुकसानभरपाई नको होती, फाशीचंही ती बोलत नव्हती. तिला कुणीतरी सरकारी माणसाने म्हणायला हवं होतं की तू पाहिलंस ते पाहिलंस. सतपालला आम्ही भ्रमिष्ट ठरवलं असतं तर खटलाच उभा राहिला नसता आणि तिला ते कुणी कधीच म्हटलं नसतं.

आता ती मंगळवारची सकाळ. जूनचे दिवस होते, चंदीगडचा जून ज्याने भोगलाय त्यालाच कळेल. मी रिंकूला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे तो नाश्ता झाल्यावर सतपालला माझ्या टेस्टिंग रूममध्ये घेऊन आला. बेडीची साखळी रिंकूच्या हातात. त्याने ती खुर्चीच्या दांड्याला अडकवली आणि दार अर्धं उघडं ठेवून बाहेर बसला.

सतपाल बसल्या बसल्या म्हणाला, “तू क्या टेस्ट लेगी मेरा?”

“आप,” मी म्हटलं.

“आप,” तो म्हणाला, आणि टेबलाशेजारच्या डस्टबिनमध्ये थुंकला.

माणूस मला पहिल्या क्षणापासून आवडला नाही. आडवा, मानेवर घामोळं, डोळ्यांत सतत समोरच्याला जोखणारा तिरस्कार. मी त्याला आकृत्या उतरवायला दिल्या. गोल, चौकोन, ठिपक्यांची ओळ, असल्या साध्या आकृत्या असतात, त्यावरून मेंदूचं काम कसं चाललंय ते कळतं. “बच्चों का काम देते हो, तनखा लेते हो,” असं म्हणत त्याने पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. शाईच्या डागांची कार्डं दाखवली तर प्रत्येकाला एकच उत्तर: “स्याही.” तांत्रिकदृष्ट्या बरोबरच म्हणा. जज कोण? “जो सोता है.” वकील कशाला? “पैसे लेने को.” आरोप काय? “बीवी का खून.” शिक्षा काय होऊ शकते? “उमर क़ैद. और पूछ.” म्हणजे खटला समजण्याइतका तो शुद्धीवर होता, माझ्याहून जास्तच. खोटं वेड पांघरणारे मी पुष्कळ पाहिलेत. ते सोप्या प्रश्नांना चुकीची उत्तरं देतात, सारखे आपल्या तोंडाकडे बघतात. हा तसलं काही करत नव्हता. तो फक्त मला घालून-पाडून बोलत होता.

मग मी त्या दुपारचं विचारलं.

“मैं मशीन पे था.”

“कमलेश ने आपको घर पर देखा.”

“देखा होगा. वो भी मैं था.” तो पुढे झुकला, साखळी खणखणली. “पर मारा उसने. मैंने नहीं. मैं तो कैप्सूल भर रहा था. अब बता, तुम लोग सज़ा किसको दोगे? जो मशीन पे था, उसका क्या क़सूर?”

आम्ही शिकवताना विद्यार्थ्यांना असलेच प्रश्न घालतो. जबाबदारी कुणाची, हात कुणाचा, मन कुणाचं. पण आरोपीने तोंडावर फेकलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी विचारलं, “वो दूसरा... अभी कहाँ है?”

तो हसला. मला ते हसू अजून आठवतं आणि अजून तेवढाच संताप येतो.

“तेरे सोधी साहब के पास बैठा है. सब क़बूल कर रहा है. मेरे नाम पे.”

भ्रम, म्हणून मी नोंद केली. खोटी, पण ठाम समजूत. आमच्या धंद्यातली सगळ्यात साधी व्याख्या.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, कॉरिडॉरमध्ये आरडाओरडा झाला. सतपालने शिवी हासडली आणि पेन्सिल भिंतीवर फेकली, ती मोडली. जनरेटर सुरू होईपर्यंत तो सरकारला शिव्या घालत होता, आणि त्या एका मुद्द्यावर आमचं एकमत होतं. जेवणाची वेळ झाली तेव्हा रिंकू त्याला घेऊन गेला. मी हात धुतले आणि डबा उघडला.

बोर्डाची मीटिंग दोन-तीन दिवसांनी झाली. अध्यक्ष म्हणून दुसऱ्या विभागाच्या एक सीनियर मॅडम होत्या. सोधी सर आधी बोलले. त्यांच्या मते सतपाल पूर्ण शुद्धीवर, आजार काही नाही. दोन जागी असल्याचं तो एकदाही बोलला नाही. उलट हात जोडून सगळं सांगितलं: शिफ्टमधून मागच्या भिंतीवरून निघालो, घरी गेलो, भांडण झालं, कुकर मारला, मेहुणीला ढकललं. “वेरी पोलाइट फेलो,” सर म्हणाले. “लाइट गई तो बेचारे ने उठके खिड़की खोली, मुझे पानी का गिलास दिया.”

मी म्हटलं, “कौन सी लाइट?”

“मंगल को. जनरेटर चला था न.”

“मंगल को वो मेरे पास था.”

सर माझ्याकडे न बघता अध्यक्ष मॅडमना म्हणाले, “इनको दिन याद नहीं है.”

मग जे झालं त्याला भांडण म्हणणंसुद्धा सौम्य आहे. मी म्हटलं, सर नेहमीप्रमाणे पेशंटला न बघताच मुलाखत लिहून मोकळे झालेत. ते म्हणाले, मी आधीच कधीतरी टेस्ट घेऊन ठेवल्या आणि आता वाटेल तो दिवस ठोकून देतेय. मी म्हटलं, लाइट गेली तेव्हा तो माझ्या खोलीत शिव्या देत होता. ते म्हणाले, त्या वेळी तो त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. दोघंही टेबलावर हात आपटत होतो. शेवटी अध्यक्ष मॅडम वैतागून म्हणाल्या, पोलिसांना बोलवा, ते सांगतील कुणाकडे होता.

पोलीस आले. रिंकू म्हणाला, मी त्याला मॅडमकडे नेलं, बाहेरच बसलो होतो, गुरमेल चहाला गेला होता. गुरमेल म्हणाला, मी चहा पिऊन आलो तेव्हा आरोपी पलंगावरच होता, रिंकूचा पत्ता नव्हता, म्हणून मी एकट्याने त्याला सोधी साहेबांकडे नेलं.

“चेन मेरे हाथ में थी!” रिंकू.

“ओए, मेरे हत्थ च सी! रब दी सौं!” गुरमेल. “झूठ बोलदा ऐं? ड्यूटी छड्ड के फोन ते बैठा सी तू!”

बेडी एकच होती हो. दोन नव्हत्या. गुरमेलने रिंकूची कॉलर धरली आणि त्यांना बाहेर काढावं लागलं. आणि पहिल्यांदाच सोधी सरांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखते, कारण माझ्याही चेहऱ्यावर तेच असणार. समोरचा खोटं बोलत नाहीये हे कळल्याचा राग.

आता तुमच्या शंका. कॅमेरा? आहे की, कॉरिडॉरमध्ये लटकतोय, चालत नाही. जुळा भाऊ? पोलिसांनी गावापर्यंत जाऊन चौकशी केली. एकुलता एक. दोन व्यक्तिमत्त्वं? ही शंका तर मीच सगळ्यात आधी काढली. पण एका माणसात दोन व्यक्तिमत्त्वं असली तरी बूड एकच असतं, ते दोन खुर्च्यांवर बसत नाही. माझा नवरा अभय म्हणाला, “अगं, तुझी आणि सोधींची भांडणं बघता तुम्ही दोघांनी मिळून काही केलं असेल ही शक्यता तर पक्की बाद.” मग जरा वेळाने म्हणाला, “तू थोडी सुट्टी घे ना.” त्यालाही चार शब्द ऐकवले. सुट्टी घे म्हणजे काय म्हणायचं असतं, हे मला कळतं. मी ते दुसऱ्यांना सांगून पोट भरते.

अध्यक्ष मॅडमनी व्यवहारी तोडगा काढला. मला एकटीला बोलावून म्हणाल्या, “बेटा, सिर्फ दिन बदल दो. सोमवार लिख दो. किसी का कुछ नहीं जाता.”

मी नाही म्हटलं. कुणी म्हणेल फार तत्त्वाची बाई. तत्त्व वगैरे नाही, मला राग आला होता. ज्या माणसाला ‘मी दोन जागी होतो’ म्हणतो म्हणून आम्ही भ्रमिष्ट म्हणणार, तो दोन जागी होता हे बोर्डातल्या दोघांना माहीत होतं, आणि तरी तारीख बदलून सगळ्यांना जेवायला जायचं होतं. मग मी त्या ‘भ्रम’ शब्दाचं काय करायचं होतं? खोटी समजूत म्हणायला ती खोटी तर हवी! मी माझ्या निष्कर्षातून तो शब्द काढला. मंगळवार तसाच ठेवला. आरोपी खटल्याला उभा राहू शकतो, एवढ्यावर आमच्या दोघांचं जुळलं आणि कागद कोर्टात गेले. सोधी सर त्या दिवसापासून मी दिसले की रस्ता बदलायला लागले.

व्हायचं तेच झालं. बोर्डाचं मत तपासायला कोर्टाने आम्हाला दोघांनाही साक्षीला बोलावलं, आणि सतपालच्या वकिलाने मंगळवार बरोबर हेरला. सरांची साक्ष आधी झाली. त्यांनी शपथेवर सांगितलं, त्या सकाळी आरोपी त्यांच्यासमोर होता. खोटं नाही बोलले ते. मग मी उभी राहिले. मागच्या बाकावर कमलेश, डोक्यावरून ओढणी घेऊन, माझ्याकडे नेहमीच्याच शत्रुत्वाने बघत. आरोपीच्या पिंजऱ्यात सतपाल, शेजारी गुरमेल. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. मला पुन्हा त्याच्या तोंडून ‘तू’ ऐकायचं नव्हतं.

वकील गोड हसला. “मैडम, डॉक्टर साहब कह रहे हैं उस वक़्त आरोपी उनके सामने था. तो आपके सामने कौन था?”

कारखान्यातले लोक, हाच वकील, सगळे कमलेशला गेले कित्येक महिने नेमकं हेच विचारत होते. तो मशीनवर होता, मग तू कुणाला पाहिलंस? ‘माझी दिवसात चूक झाली’ म्हटलं की सुटले. नोकरी राहील, नाव राहील, सोधी सरही कदाचित नमस्कार करतील. आणि मग कमलेश उभी राहील तेव्हा हा वकील म्हणेल, बघा, इतकी शिकलेली बाईसुद्धा चुकीचं पाहते, ही तर अडाणी आहे.

मी म्हटलं, “मेरे सामने सतपाल था.”

“तो डॉक्टर साहब झूठ बोल रहे हैं?”

“नहीं. उनके सामने भी सतपाल था.”

कोर्टात हशा झाला. जजसाहेबांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, मी काय म्हणतेय ते मला कळतंय का? तोच प्रश्न जो मी आरोपींना विचारते! रागाने माझे कान तापले. मी म्हटलं, “जी सर, समझती हूँ. मैंने जो देखा वो बता रही हूँ. कैसे हुआ, मुझे नहीं पता. मेरे न समझने से देखने वाला झूठा नहीं हो जाता.” सोधी सर खाली मान घालून बसले होते. वकील पुढे काही विचारणार होता, पण सर उभे राहिले आणि, त्यांना कुणी विचारलेलं नसताना, म्हणाले, “शी इज़ नॉट लाइंग, माय लॉर्ड.” एवढंच. बसले.

मागच्या बाकावर कमलेशने ओढणी तोंडात कोंबली होती आणि तिचे खांदे हलत होते.

मी साक्षीच्या जागेवरून उतरले. दाराकडे जायला पिंजऱ्याजवळूनच वाट होती. मी तयारीत होते... शिवी देईल, थुंकेल, काहीतरी करेल. अख्खी सकाळ एका टेबलावर समोरासमोर बसलो होतो आम्ही, त्याची नजर मी ओळखत होते. मी वर पाहिलं.

तीच मान, तेच घामोळं, तोच आडवा देह. त्याने मला पाहून थोडं बाजूला सरून वाट दिली, अदबीने हात जोडले, आणि गुरमेलकडे वळून हळूच विचारलं, “हवलदार जी, ये मैडम कौन हैं? इनको पहले कभी देखा नहीं.”

सोंग करणारे पकडणं हेच माझं काम आहे. ओळख लपवणारा माणूस आधी ओळखतो आणि मग लपवतो, आणि ते क्षणभर का होईना दिसतं. इथे तसं काही नव्हतं. त्या माणसाने मला खरंच कधी पाहिलं नव्हतं. तो सोधी सरांना पाणी देणारा होता.

बाहेर व्हरांड्यात कमलेशने मला गाठलं. पायाला हात लावायला लागली, मी तिला ओरडून उभं केलं. ती म्हणाली, “मैडम जी, सही वाला पकड़्या सै ना?”

“हाँ,” मी म्हटलं, “सही वाला ही है.” इतक्या खात्रीने मी आयुष्यात एकही निदान दिलेलं नाही.

खटला आता सुरू आहे. कमलेशची साक्ष झाली, आणि तिला त्या प्रश्नावर कुणी हसलं नाही असं ऐकते. माझं कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत मला न्यायवैद्यक केसेस देणं बंद केलंय, विश्रांती म्हणून. हे सगळं काय होतं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. सोधी सरांनाही नाही. आम्ही आता बोलतो, पण त्याबद्दल नाही.

मला वेगळंच छळतं. ज्याने मारलं तो आत आहे. पण माझ्यासमोर बसला होता तो उर्मट, शिवराळ माणूस, ज्याने काहीही केलेलं नव्हतं, तो माझ्या खोलीतून जेवायला गेला आणि पुन्हा कुणालाच दिसला नाही. कारखान्याचे लोक त्याला शोधत नाहीत, पोलीस शोधत नाहीत, वकील शोधत नाही. त्यांच्या लेखी सतपाल तुरुंगात आहे. तो हरवलाय हे माझ्याशिवाय कुणाला माहीतच नाही.